ज्या बँकेचा भाव कुठेच लागत नाही

एचडीआयएल या बांधकाम कंपनीचा शेअर जुलै २००७ मध्ये पाचशे रुपयांना बाजारात आला आणि पुढच्याच जानेवारीत हजाराच्या वर गेला. मग जागतिक मंदी आली. मुंबई विमानतळाच्या जागेवरील झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनाचे मोठे काम कंपनीच्या हातून गेले, कर्ज फुगत गेले आणि भाव वर्षागणिक उतरत राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतरच्या महिन्यात तो शेअर दहा रुपयांच्याही खाली होता. ही सगळी पडझड उघड्यावर झाली. ज्याला पाहायची होती, त्याला ती रोज दुपारी साडेतीननंतर पाहता येत होती.

याच काळात याच कंपनीला दिलेले कर्ज भांडुपला मुख्य कार्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या दप्तरात मात्र ठणठणीत होते. सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम, त्या एका समूहाकडे अडकली होती. एका समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येईल, असा तेव्हा नियम होता. ही कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती तयार केल्याचे तपासात पुढे आले. मार्च २०१९ च्या ताळेबंदात बँकेने सुमारे शंभर कोटींचा नफा आणि चार टक्क्यांपेक्षा कमी थकीत कर्ज दाखवले होते. सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर रोजी, रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीदारांना कळले की पुढच्या सहा महिन्यांत त्यांना फक्त एक हजार रुपये काढता येतील.

कर्जदार एकच होता. शेअर बाजाराने त्याची किंमत शंभरातून एकावर आणून ठेवली होती आणि बँकेने शंभराला शंभर धरली होती. तरीही आपल्या घराघरांत शेअर बाजाराला जुगार म्हणतात आणि बँकेतल्या पावतीला सुरक्षित म्हणतात. या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी महाराष्ट्रात नीट बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

आधी माझी बाजू सांगतो. मी स्थानिक बँकेचा पक्षपाती आहे. तालुक्याच्या गावी नागरी सहकारी बँक असणे म्हणजे काय, हे ज्याने राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर तीन-तीन फेऱ्या मारल्या आहेत त्यालाच कळते. तिथला व्यवस्थापक दर तीन वर्षांनी बदलतो. गावातला शिंपी दिवाळीच्या आधी कापड का उचलतो आणि पैसे मार्गशीर्षातच का फेडतो, हे त्याला समजेपर्यंत त्याची बदली झालेली असते. स्थानिक बँकेच्या कर्ज विभागातला माणूस मात्र त्याच शिंप्याकडून शर्ट शिवून घेत असतो. पिग्मी एजंट संध्याकाळी भाजीच्या गाड्यावर शंभर रुपये घ्यायला थांबतो, तेव्हा आज माल किती उरला हे त्याला डोळ्यांनी दिसते. ही माहिती कोणत्याही क्रेडिट स्कोअरमध्ये नसते.

ही परंपरा आपली स्वतःची आहे. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. सहकाराचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. मध्यमवर्गीयांना सावकाराच्या दारात जावे लागू नये एवढाच त्या मंडळींचा हेतू होता. पुढे १९०६ मध्ये पुण्याची कॉसमॉस आणि १९१८ मध्ये गिरगावची सारस्वत बँक उभी राहिली. अलीकडचे उदाहरण म्हसवडचे आहे. माण देशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो म्हणाल्या. १९९७ मध्ये त्यांना परवाना मिळाला. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात तो परवाना म्हणजे किती मोठी गोष्ट होती, हे मुंबईत बसून समजायला कठीण आहे. देशातल्या जवळपास दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. हे जाळे तुटावे असे मला कधीही वाटणार नाही.

म्हणूनच या बँकांचा जो दोष आहे, तो आपल्याच लोकांनी बोलायला हवा.

सहकारी बँकेचाही शेअर असतो. त्याला आपण भाग म्हणतो. कर्ज घेताना रकमेच्या ठरावीक टक्क्यांचे भाग घ्यावे लागतात, त्यावर लाभांश मिळतो आणि सभासदत्व सोडताना दर्शनी किंमत परत मिळते. शंभराचा भाग शंभरालाच. बँक उत्तम चालली तरी तेवढेच आणि आतून पोखरली गेली तरी, निर्बंध लागेपर्यंत, तेवढेच. या भागाची खरेदी-विक्री कोणत्याही बाजारात होत नाही, त्यामुळे बँकेविषयी कोणाला काय शंका आहे हे किमतीतून कधीच बाहेर येत नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या जवळ होता आणि ५ मार्च २०२० रोजी निर्बंध लागले तेव्हा चाळीसच्या खाली. दीड वर्ष तो भाव ओरडून सांगत होता की काहीतरी बिघडले आहे. ज्यांनी ऐकले, त्यांनी आपल्या ठेवी हलवल्या. भांडुपच्या बँकेच्या ठेवीदाराला असे ओरडून सांगणारे काहीच नव्हते. त्याच्यासमोर होता एक गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल आणि त्यात अध्यक्षांचा फोटो.

दुसरा दोष मला याहून गंभीर वाटतो. सहकारी बँकेत मत सभासदाला असते. कर्ज घेणाऱ्याला सभासद व्हावेच लागते. ठेव ठेवणाऱ्याला तशी गरज नसते आणि बहुतेक ठेवीदार सभासद नसतातच. म्हणजे ज्यांचे पैसे पणाला लागलेले आहेत त्यांना मत नाही आणि ज्यांनी पैसे नेले आहेत ते संचालक निवडून देतात. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत भाडेकरूंनी समिती निवडावी आणि घरमालकांना सभेला बोलावूच नये, असा हा प्रकार आहे. संचालक प्रामाणिक असतील तोवर हे खपते. अनेक बँकांत ते प्रामाणिक आहेतही. पण लाखो लोकांची पुंजी कुणाच्या स्वभावाच्या भरवशावर सोडायची नसते.

मी अनेक वर्षे अशा वार्षिक सर्वसाधारण सभांना जात आलो आहे. मंगल कार्यालय, मागच्या रांगेत गप्पा, बाहेर उपम्याचा वास. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मंजूर. ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकारणे, मंजूर. लेखापरीक्षकांची नेमणूक, मंजूर, मंजूर. चाळीस मिनिटांत शेकडो कोटींचा हिशेब संपतो आणि मग भेटवस्तूसाठी रांग लागते. प्रश्न विचारणारा उठला की आजूबाजूचे लोक घड्याळ बघतात. मी त्या लोकांना दोष देत नाही. अहवालातले आकडे कसे वाचायचे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. गावातल्या अध्यक्षांना सर्वांसमोर प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्या हेतूवर शंका घेणे, असे आपल्याकडे धरले जाते. जवळीक हे या बँकांचे बळ आहे आणि प्रश्न अडतो तोही या जवळिकीपाशीच.

शेअर बाजार आणि गावची बँक ही दोन वेगळी जगे आहेत असे आपण धरून चालतो. गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास तसे सांगत नाही. १९९२ च्या सुरुवातीला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, दोन हजारांच्या आसपास होता, एप्रिलच्या उत्तरार्धात तो साडेचार हजारांना भिडला. तो पैसा कुठून आला हे नंतर कळले. बँका आपापसांत सरकारी रोख्यांचे व्यवहार करताना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी 'आमच्याकडे रोखे आहेत' अशी पावती देत. त्या पावतीवर दुसरी बँक पैसे सोडी आणि मधला दलाल ते पैसे शेअरमध्ये लावी. रोखे हातात नसताना अशा पावत्या फाडणाऱ्यांत दोन लहान बँकांची नावे ठळकपणे पुढे आली. एक मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक आणि दुसरी बँक ऑफ कराड. कराडच्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांनी ज्या बँकेवर विश्वास टाकला, तिचे नाव दलाल स्ट्रीटच्या घोटाळ्यात आले. बाजार कोसळला, वर्षभरात निर्देशांक निम्म्याच्या आसपास आला आणि १९९४ मध्ये बँक ऑफ कराड ही बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

२००१ मध्ये तेच नाटक दुसऱ्या रंगमंचावर झाले. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या मुंबईतल्या मांडवी शाखेने खात्यात पैसे नसताना शेअर दलाल केतन पारेखच्या कंपन्यांना पे ऑर्डर, म्हणजे बँकेने स्वतः पैसे देण्याची हमी असलेले कागद, दिल्या. बाजार पडला तेव्हा त्या पे ऑर्डर वटल्या नाहीत, माधवपुरा बुडाली आणि तिच्यात ठेवी ठेवलेल्या इतर सहकारी बँकाही तिच्यासोबत ओढल्या गेल्या. त्याच सुमारास नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद या जिल्हा मध्यवर्ती बँकांनी होम ट्रेड नावाच्या दलाल कंपनीमार्फत सरकारी रोखे घेतल्याचे दाखवले. रोखे कधी आलेच नाहीत. एकट्या नागपूरच्या बँकेचे सुमारे दीडशे कोटी गेले. सोसायटीतून पीककर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याने आयुष्यात एकही शेअर घेतला नव्हता. त्याला पुढची कित्येक वर्षे कर्ज मिळताना अडचण आली, ती या व्यवहारामुळे.

या तिन्ही प्रकरणांत पडलेल्या बाजाराला लोकांनी खलनायक ठरवले. मला ते पटत नाही. पैसे तेजीत गेले होते. मंदीने फक्त ते गेल्याचे दाखवून दिले. तेजी चालू राहिली असती तर आणखी दोन बँका आणि आणखी दोन जिल्हे त्यात उतरले असते.

आता बाजाराच्या पडण्याविषयी. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सेन्सेक्स ८६ हजारांच्या उंबरठ्यावर होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो ७३ हजारांवर आला आणि अमेरिकेच्या आयात शुल्काच्या घोषणेनंतर ७ एप्रिलला एका दिवसात बावीसशेहून अधिक अंकांनी खाली आला. वर्तमानपत्रांत मथळे आले, गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले. या वाक्याने जितके लोक घाबरतात तितके प्रत्यक्ष घसरणीने घाबरत नाहीत. ती रक्कम कोणाच्या तिजोरीतून कोणी उचलून नेलेली नसते. शेवटच्या सौद्यात जो भाव लागला, त्याने त्या कंपनीच्या सगळ्याच्या सगळ्या शेअरना गुणून ती काढलेली असते. आपल्या आळीतला एक फ्लॅट कोणीतरी अडचणीत पाच लाख कमी घेऊन विकला, तर आळीतल्या सगळ्या घरांचे मिळून काही कोटी बुडाले असे म्हणण्यासारखे हे आहे. ज्याने विकला त्याचे पाच लाख खरेच गेले. बाकीचे काल होते त्याच घरात आजही राहत आहेत.

मग भाव का पडतो? त्या हिवाळ्यात कारणे बरीच उघड होती. परदेशी संस्थांनी एकट्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. कंपन्यांच्या नफ्याची वाढ मंदावली होती आणि त्या मानाने भाव फार चढलेले होते. डॉलर वधारला होता. विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला नाही, अशी वेळ आली की भाव उतरतो. बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभा राहिलेला नाशिकचा शेतकरी हे कोणत्याही तज्ज्ञापेक्षा चांगले सांगेल.

अशा पडझडी नेहमी होतात. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास होता. साठ टक्क्यांहून अधिक घसरण. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१ हजारांना पोहोचला. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, एका दिवसात १३ टक्के गेले आणि व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. त्याच नोव्हेंबरमध्ये नवा उच्चांक झाला. पण हे ऐकून जो 'बाजार नेहमीच परत येतो' असे म्हणतो, त्याला मी थांबवतो. परत आला तो निर्देशांक. त्यात वाईट कंपन्या काढून चांगल्या घेतल्या जातात. २००८ मध्ये ज्याने एचडीआयएल घेतला त्याचे काहीच परत आले नाही. ज्यात देशातल्या मोठ्या कंपन्यांचा समूह आहे आणि हातात आठ-दहा वर्षे आहेत, त्या गुंतवणुकीची घसरण सोसता येते. एकाच कंपनीत, कर्ज काढून किंवा सहा महिन्यांनी लागणाऱ्या पैशाने घेतलेल्या शेअरची घसरण सोसता येत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तोच लाल रंग, तोच उणे आकडा.

जानेवारी २०२५ मध्ये देशात जितक्या एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या ठरावीक गुंतवणुका, नव्याने सुरू झाल्या, त्याहून अधिक बंद झाल्या. त्यात जुन्या नोंदींच्या साफसफाईचाही वाटा होता, पण भीतीचाही होता. २०२० च्या मार्चमध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, होती आणि २०२४ संपताना साडेअठरा कोटी. म्हणजे चारांतल्या तिघा खात्यांनी मोठी मंदी पाहिलेलीच नव्हती. त्यांना बाजारात कोणी आणले? व्हॉट्सॲपने, तेजीने आणि, हे बोलायलाच हवे, ठेवींवरच्या उतरत्या व्याजाने आणि बुडालेल्या सहकारी बँकांच्या बातम्यांनी. बँकेत पोळलेला माणूस थेट फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरल्याची उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत. पैसे गमावले ते लवकर भरून काढायचे होते त्यांना. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार तीन वर्षांत या व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक खेळाडूंना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. याला जुगार म्हणणाऱ्या आजोबांशी मी वाद घालणार नाही.

माझ्या मते प्रश्न 'बँक की बाजार' असा नाहीच. प्रत्येक रुपयाला एक तारीख असते. जूनमध्ये भरायची फी, पुढच्या वर्षीचे लग्न, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन, हे पैसे बाजारात गेले की घसरण हे संकट होते. वीस वर्षांनी लागणारा पैसा सहा-साडेसहा टक्क्यांच्या पावतीत अडकला की महागाई तो हळूहळू कुरतडते आणि ती कुरतड कोणत्याच मथळ्यात येत नाही. तारीख जवळ आलेला पैसा बँकेत ठेवायचा हे खरे, पण मग ती बँक कोणती आणि तिच्यात किती, हा प्रश्न उरतोच.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीचे पैसे तिने गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त होते आणि अध्यक्ष तिचे विद्यार्थी होते. ती त्याला बँकच म्हणत असे. गावात सगळेच म्हणतात. काउंटर तसाच, पावती तशीच, टोकन तसेच. संस्था अडचणीत आल्यावर तिला पहिल्यांदा कळले की पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा पतसंस्थेला लागूच नाही. तिचे पैसे पाच-दहा हजारांच्या तुकड्यांत येत राहिले, सगळे आले नाहीत. पण पैशांपेक्षा तिला एक गोष्ट जास्त लागली. विद्यार्थ्याने रस्ता बदलून जायला सुरुवात केली.

या विम्याचा उगम महाराष्ट्राशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १९६१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि मग सत्तावीस वर्षे तिथेच गोठली. पीएमसीच्या ठेवीदारांनी रस्त्यावर येऊन आक्रोश केला, तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद आली. त्याआधी पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून वाट पाहत होते. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या त्या बँकेचा परवाना अखेर २०२२ मध्ये रद्द झाला. मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतली रक्कम एकत्र धरतात. दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या या छत्राच्या बाहेर आहेत. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या प्रकरणात ठेवीदारांचे हजारो कोटी अडकले, आणि मराठवाड्यात असे कुटुंब शोधावे लागत नाही, ते समोरच भेटते. ऊसतोडीच्या उचलीतून शिल्लक टाकलेला पैसा होता तो. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा संचालकांची मालमत्ता जप्त करून देतो, पण जप्ती, लिलाव आणि वाटप यांत वर्षे जातात. राज्याने पतसंस्थांकडून वर्गणी घेऊन स्वतंत्र ठेव संरक्षण निधी उभा करावा आणि जी संस्था वर्गणी भरण्याइतकी धडधाकट नाही, तिला नव्या ठेवी घेऊ देऊ नयेत, अशी माझी मागणी आहे. संस्थाचालक म्हणतील, हा भार आम्हाला परवडत नाही. ज्याला शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला काही पैसे परवडत नाहीत, त्याला दीड टक्का जास्त व्याज कसे परवडते?

नागरी बँकांबाबत गेल्या काही वर्षांत सुधारणा झाल्या, हे मान्य करायला हवे. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला या बँकांवर जास्त अधिकार मिळाले. संचालकांच्या सलग मुदतीवर मर्यादा आली. मोठ्या कर्जांचे प्रमाण कमी करायला भाग पाडले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेतली १२२ कोटींची अफरातफर उघड झाली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत ती बँक सारस्वतमध्ये विलीन होऊन ठेवीदारांची सुटका झाली. रुपीशी तुलना केली तर ही फार मोठी प्रगती आहे. पण त्या अफरातफरीचे स्वरूप पाहा. तिजोरीतली रोकड गायब होती, आणि नोटा मोजायला कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. इतके साधे काम वर्षानुवर्षे झाले नाही, कारण ते झाले की नाही हे विचारणारे बाहेर कोणी नव्हते. वरून कितीही डोळे लावले तरी खालून विचारणारा माणूस लागतोच.

म्हणून ज्या बँकेचा भाव बाजारात लागत नाही, तिने तो स्वतः भिंतीवर लावावा. प्रत्येक शाखेत, व्याजदराच्या फलकाशेजारी, दर तिमाहीला, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. थकीत कर्ज शेकडा किती. भांडवल पर्याप्तता, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल, किती आणि नियमाने किती हवी. सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे. नावे नकोत, हिस्सा पुरे. भांडुपच्या शाखेत 'एका समूहाकडे ७३ टक्के' अशी ओळ लागायची असती, तर ती लावण्याआधी कुणाचा तरी हात थरथरला असता. खोटी लावली असती तर तिच्यावर सही करणारा एक माणूस तरी पहिल्या दिवसापासून गुन्हेगार ठरला असता. आणि ठरावीक रकमेवरील, ठरावीक वर्षांच्या ठेवीदारांना मतदार करून संचालक मंडळात त्यांच्यासाठी जागा राखाव्यात. त्यासाठी सहकार कायद्यात बदल लागेल. कारखान्यांसाठी आणि निवडणुका पुढे ढकलण्यासाठी तो अनेकदा बदलला गेला आहे, ठेवीदारांसाठीही बदलता येईल.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो हलका नाही. आकडे भिंतीवर लावले तर एखाद्या वाईट तिमाहीत लोक घाबरून रांगा लावतील आणि चांगली बँकही बुडेल. कोणतीही बँक सगळे पैसे एका दिवशी देऊ शकत नाही, हे खरे आहे. पण माणूस घाबरतो तो अचानक कळल्यावर. दर तीन महिन्यांनी चारावरून पाच, पाचावरून साडेचार असा आकडा पाहणारा ठेवीदार, शेअर बाजाराची चढउतार पाहणाऱ्या जुन्या गुंतवणूकदारासारखा हळूहळू शहाणा होतो. लहान हेलकावे पाहिलेल्याला मोठी लाट आली की बाजूला व्हायला वेळ मिळतो. ज्याला दहा वर्षे सपाट पाणी दाखवले, तो बुडतो. येस बँकेचा भाव दीड वर्ष पडत होता, तरी निर्बंध तेरा दिवसांत उठले आणि ठेवीदाराचा एक रुपया गेला नाही. पडझड दिसत होती, त्यामुळे वाचवणाऱ्यांनाही काय वाचवायचे आहे हे दिसत होते. पीएमसीमध्ये पाच लाखांवरच्या ठेवी असलेल्यांना विलीनीकरणानंतर दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून देण्यात आले.

ज्यांना आज काय करावे असे वाटते त्यांच्यासाठी एवढेच. तुमच्या बँकेचा वार्षिक अहवाल मागा, तो तुम्हाला मिळायलाच हवा. निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेले थकीत कर्ज), भांडवल पर्याप्तता आणि लेखापरीक्षणाचा वर्ग (अ, ब असा दर्जा), या तीन गोष्टी शोधा. तिन्ही ठीक असतील तर स्थानिक बँक सोडू नका, पण एका बँकेत व्याजासह पाच लाखांच्या आत राहा. वरचे पैसे दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात. ज्येष्ठांसाठी पोस्टाच्या बचत योजनेला केंद्र सरकारची हमी आहे. आणि निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांनी लागणारा थोडा हिस्सा निर्देशांकावर आधारित फंडात जात असेल, तर तो पडलेला दिसला म्हणून काढू नका.

गेल्या सभेत मी उभा राहिलो आणि आमच्या बँकेतल्या सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांचा हिस्सा विचारला. सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाहिले, त्यांनी एक फाइल चाळली आणि आकडा सांगितला. तो चांगला होता. मी बसणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला. त्या भाजी विकतात, पिग्मीचे खाते आहे आणि नाममात्र सभासद असल्याने त्यांना मत नाही. त्यांनी विचारले, मागच्या वर्षी हाच आकडा किती होता? तो फाइलमध्ये नव्हता. पुढच्या सभेत दोन्ही वर्षांचे आकडे छापून देऊ, असे अध्यक्ष म्हणाले आणि माझ्या आग्रहावरून ते वाक्य इतिवृत्तात लिहिले गेले.